घटक ४ : राजर्षी शाहू छत्रपती – रानाशी जडलेले आयुष्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
१. राजर्षी शाहू छत्रपतींच्या चरित्राचा रान, शिकार आणि रानावर जगणाऱ्या माणसांशी असलेला संबंध सांगता येईल.
२. फासेपारधी समाजाच्या परंपरागत कौशल्यांचे आणि त्या समाजावर लादलेल्या कायद्याच्या बंधनांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
३. शिकारीशी निगडित काही मराठी शब्दांची व्युत्पत्ती व त्यांमागील सामाजिक अर्थ उलगडून दाखवता येईल.
४. चरित्रनायकाच्या आयुष्यातील विसंगती चरित्रकाराने कशा हाताळाव्यात, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेताच आपल्यासमोर काही ठळक घटना उभ्या राहतात. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश, १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, मार्च १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली माणगाव परिषद ही त्यांपैकी काही. शाहूचरित्राची बहुतेक प्रकरणे या घटनांभोवती रचलेली असतात आणि ते योग्यही आहे. मात्र या राजाच्या आयुष्याचा मोठा भाग राजवाड्याच्या दिवाणखान्याऐवजी माळावर, जंगलात, घोड्याच्या पाठीवर आणि शहराबाहेरच्या साध्या तळावर गेला, ही गोष्ट चरित्रांमध्ये बहुधा छंद या सदरात टाकून दिली जाते. प्रस्तुत घटकात आपण तिच्याकडे छंद म्हणून न पाहता, ज्ञानाचा एक प्रकार म्हणून पाहणार आहोत.

असे पाहण्याची गरज या घटकाच्या लेखकाला का वाटली, हे आरंभीच सांगणे उचित ठरेल. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. लेखकाचे बालपण याच परिसरात गेले. बाभळी, बोरी आणि तरवडाच्या त्या माळावर पारधी तितर धरण्यासाठी येत. हातात बारीक फासांची जुडी आणि पिंजऱ्यात एक पाळीव तितर एवढेच त्यांचे साहित्य असे. पिंजऱ्यातला तितर ओरडला, की झुडपातून उत्तर येई आणि थोड्या वेळाने उत्तर देणारा फासात अडके. आम्ही मुले हे सारे श्वास रोखून पाहत असू. मात्र आसपास कोठे चोरी झाली, की दुसऱ्या दिवशी सर्वांची नजर त्याच पालांकडे वळे. काल ज्या कौशल्याचे कौतुक केले, तेच आज संशयाचे कारण होई. एकाच माणसाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आमच्या मनात एकत्र कशा नांदत होत्या, हा प्रश्न पुढे शाहूचरित्र वाचताना पुन्हा समोर आला. कारण या राजाने त्या दोहोंपैकी एका दृष्टीची निवड जाणीवपूर्वक केली होती.

४.३ जडणघडण

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे अधिपती. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. यशवंतराव तीन वर्षांचेही नव्हते तेव्हा आईचे निधन झाले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली दुर्दैवी अंत झाला. त्यानंतर १७ मार्च १८८४ रोजी यशवंतराव दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, वडिलांचेही छत्र हरपले. वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा एका संस्थानचा नियोजित राजा होता आणि पोरकाही होता.

१८८५ ते १८८९ या काळात त्यांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले. तेथे भावनगरचे भावसिंहजी यांच्याशी त्यांचा जो स्नेह जडला, तो आयुष्यभर टिकला. त्यानंतर १८९४ पर्यंत धारवाड येथे स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांच्या देखरेखीखाली पुढील शिक्षण झाले. त्यात इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यकारभार या विषयांबरोबर भारतभरच्या प्रवासांचाही समावेश होता. याच काळात कुस्ती, घोडेस्वारी आणि शिकार यांची आवड पक्की झाली. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती आली, तेव्हा महाराजांचे वय एकोणीस वर्षांचे होते.

अधिकार मिळताच त्यांनी संस्थानचे दौरे सुरू केले. कोल्हापूर संस्थानचा भूगोल या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखा आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा, तेथे धुवाधार पाऊस आणि दाट जंगल. पूर्वेकडे उतरत गेल्यावर शिरोळ, रायबागकडची मोकळी, कमी पावसाची मैदाने. घाटाच्या जंगलात गवे, सांबरे, वाघ व अस्वले. पूर्वेच्या माळावर काळविटांचे कळप, लांडगे आणि रानडुकरे. एका दौऱ्यात ही दोन्ही जगे ओलांडावी लागत. गावोगावच्या पाटलांना, मेंढपाळांना, रानातल्या वाटाड्यांना महाराज तेथेच भेटत. त्यांचा मजबूत बांध्याचा खडखडा हा गाडा कोल्हापूरच्या लोकस्मृतीत आजही आहे. कागदावरच्या अहवालापेक्षा समोरच्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याची सवय या दौऱ्यांतून लागली, असे म्हणण्यास आधार आहे.

४.४ शिकारीचे शास्त्र

आजच्या वाचकाला शिकार हा शब्द खटकतो आणि खटकावाही. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानंतरच्या काळात आपण वाढलो आहोत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकार हे राजाच्या शिक्षणाचे अंग मानले जाई. त्या शिकारीतही प्रकार होते. मचाणावर बसून, हाकाऱ्यांनी पुढ्यात आणून सोडलेल्या जनावरावर बंदूक चालवणे हा एक प्रकार. घोड्यावरून भाला घेऊन रानडुकराचा पाठलाग करणे हा दुसरा. त्यात स्वाराच्या जिवाला जनावराइतकाच धोका असे. तिसरा प्रकार म्हणजे पाळीव चित्त्याकडून काळविटाची शिकार. कोल्हापूर या तिसऱ्या प्रकारासाठी विशेष प्रसिद्ध होते. भावनगर संस्थानातही हीच परंपरा होती.

चित्त्याच्या शिकारीची रीत समजून घेणे उपयुक्त आहे, कारण तिच्यात प्राण्यांच्या स्वभावाचे बारीक निरीक्षण साठवलेले आहे. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवीत. काळवीट पायी येणाऱ्या अनोळखी माणसाला पाहून दूर पळते. शेतातून जाणाऱ्या बैलगाडीची मात्र त्याला सवय असते. म्हणून गाडी कळपाकडे सरळ न नेता तिरकी, वळसा घेत नेत. पुरेसे अंतर कमी झाले, की टोपी काढून चित्त्याला सावज दाखवीत व मोकळे सोडीत. चित्त्याचा वेग अफाट, परंतु दम अल्प. पहिल्या काही शे मीटरांत काम झाले नाही, तर तो पाठलाग सोडून देतो. सावज पडल्यावर चित्तेवानाने धावत जाऊन लाकडी पळीतून चित्त्यासमोर रक्त किंवा मांस धरायचे आणि त्याचे लक्ष तिकडे लागताच पुन्हा टोपी चढवायची. या सर्व क्रियेत बळाचा उपयोग कोठेच नाही. जनावराची भूक, सवय आणि थकवा यांची अचूक जाण हीच चित्तेवानाची खरी विद्या.

यात एक गोष्ट आणखी महत्त्वाची होती. चित्त्याचे पिल्लू धरून आणून वाढवले, तर ते शिकारीस निरुपयोगी ठरे, कारण शिकार करण्याचे शिक्षण त्याला त्याच्या आईकडूनच मिळावे लागते. म्हणून मोठा, रानात शिकलेला चित्ताच पकडावा लागे. तो पकडण्याचे काम पारध्यांचे. चित्ते ठरावीक झाडांपाशी वारंवार येतात, बुंध्यावर नखे घासतात, हे त्यांना ठाऊक होते. त्या झाडांभोवती जनावरांच्या स्नायूंपासून वळलेले फास मांडून ते चित्ता जिवंत धरीत. भारतातील चित्त्यांची संख्या पुढे इतकी घटली, की कोल्हापूरसारख्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. ज्या परंपरेचे कौशल्य आपण वाखाणतो, त्या परंपरेचाही या ऱ्हासात वाटा होता, हे नोंदवल्याविना पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

४.५ पारध्यांची विद्या आणि तिचे शब्द

फासेपारधी हे नाव दोन शब्दांचे बनले आहे. फास हा शब्द संस्कृत पाश या शब्दापासून आला. पारध या शब्दाचा इतिहास अधिक बोलका आहे. संस्कृतात शिकारीसाठी पापर्द्धि असा एक शब्द मिळतो; त्याचे प्राकृत रूप पारद्धि आणि त्यापासून मराठी पारध. शब्दाच्या संस्कृत रूपातच पाप दडलेले आहे. याउलट शिकार हा शब्द फारसीतून, दरबारी वातावरणातून मराठीत आला. एकच क्रिया, राजाने केली की शिकार आणि रानातल्या माणसाने पोटासाठी केली की पारध. शब्दांच्या या दोन वाटांमध्ये समाजाची उतरंड स्पष्ट दिसते. ससे व हरणे धरण्याच्या जाळ्याला मराठीत वाघर किंवा वाघूर म्हणतात. तो शब्द संस्कृत वागुरा या शब्दापासून आला असून त्याचा वाघाशी काहीही संबंध नाही. माग काढणे या वाक्प्रचारातील माग म्हणजे मार्ग. जनावर गेले त्या वाटेचे वाचन करणे, असा त्याचा मूळ भाव आहे.

पारध्यांची बोली मराठी नाही. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणात तिचा समावेश भिली भाषांच्या गटात केला आणि तिचे गुजरातीशी असलेले साम्य दाखवले. महाराष्ट्रभर विखुरलेला हा समाज घरात एक बोली व बाजारात मराठी असा दुहेरी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. न समजणारी बोली बोलणारा माणूस गावाला संशयास्पद वाटतो, हे भाषाव्यवहाराचे एक कटू सत्य येथे ध्यानात घ्यावे.

या समाजाची कौशल्ये अनेक होती. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गायीच्या आडोशाने, तिच्या पावलाशी पाऊल जुळवीत हरणांच्या कळपाजवळ जाणे; शिकवलेल्या नर काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपात सोडणे, म्हणजे झुंजायला आलेला रानातला नर त्या फासात गुंततो; तितर, लावा, मोर यांचे आवाज हुबेहूब काढणे; धुळीतल्या खुणेवरून जनावर कोणते, केव्हा गेले, जखमी आहे की गाभण, हे ओळखणे. वाऱ्याची दिशा पाहिल्याविना पारधी पाऊल उचलत नाही. यातले काहीही लिहून ठेवलेले नव्हते. बापाने मुलाला रानात नेऊन दाखवायचे आणि मुलाने पाहून शिकायचे, हीच त्यांची शाळा होती. अशा मौखिक ज्ञानाची एक पिढी तुटली, तर ते कोणत्याही ग्रंथालयात परत मिळत नाही.

४.६ कायदा आणि हजेरी

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढवली. या कायद्याचे मर्म असे, की गुन्हा सिद्ध होण्याची आवश्यकता नाही. विशिष्ट जमातीत जन्म झाला, एवढे कारण पुरेसे. नोंदलेल्या जमातींतील माणसांना ठरावीक वेळी पोलिसांकडे किंवा गावच्या पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. परवानगीविना गाव सोडता येत नसे. हजेरी हा हाजिर या अरबी शब्दावरून आलेला साधा शब्द. शाळेत तो उपस्थितीचा दर्शक आहे. पारध्याच्या, रामोशाच्या, बेरडाच्या जीवनात मात्र तो कैदेचा दर्शक होता.

हा बंधनाचा प्रकार शिकारी जमातींवर विशेष क्रूरपणे आघात करणारा होता. जनावराचा माग रात्रीच्या दवावर, पहाटे उजाडण्यापूर्वी काढायचा असतो. मोसम बदलला, की माळ बदलायचा असतो. ज्याने रोज एकाच ठिकाणी हजर राहायचे, त्याने हे कसे करावे? भटकणे हेच ज्या जगण्याचे साधन, ते भटकणेच गुन्हा ठरले. जंगले सरकारी झाली, माळ शेतीखाली आले, पारध करायला जागा उरली नाही. भुकेल्या माणसाने कणसे खुडली, की कायद्याचे भाकीत खरे ठरे. आपल्या भागाजवळचे उदाहरण द्यायचे तर सोलापूर येथे अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभारण्यात आली होती. सेटलमेंट हा तिचा इंग्रजी शब्द सोलापूरच्या बोलीत आजही आहे.

४.७ सोनतळी

कोल्हापूर शहराबाहेरचा सोनतळी तळ हा महाराजांच्या आवडीच्या मुक्कामांपैकी एक. राजवाड्याच्या शिष्टाचारापासून दूर, माळाच्या मोकळ्या हवेत ते तेथे राहत. येथेच त्यांनी फासेपारध्यांना आश्रय दिला. संस्थानच्या हद्दीत फिरणाऱ्या या लोकांना पकडून तुरुंगात घालणे हा अधिकाऱ्यांच्या दृष्टीने सोपा आणि कायदेशीर उपाय होता. महाराजांनी त्याऐवजी त्यांना राहायला जागा, अन्न आणि काम दिले. बांधकामांवर मजुरी, तळावर पहारा, अशी कामे त्यांच्याकडे सोपवली. ज्यांच्यापासून मालमत्तेचे रक्षण करावे असे कायदा सांगत होता, त्यांनाच राजाने आपल्या मुक्कामाचे रक्षक नेमले.

या कृतीचा अर्थ केवळ दयाबुद्धी असा लावला, तर तो अपुरा ठरतो. शिकारीच्या निमित्ताने महाराजांनी या माणसांना रानात काम करताना पाहिले होते. अंधारात पाचोळ्यावर पाऊल न वाजवता चालणारा माणूस चोर होऊ शकतो, हे गावाला दिसत होते. तोच माणूस उत्तम पहारेकरी होऊ शकतो, हे रानात वावरलेल्या राजाला दिसले. कौशल्य तेच, त्याला मिळालेले स्थान वेगळे. रानाच्या परिचयातून आलेली ही दृष्टी नसती, तर सोनतळीचा निर्णय सुचला असता का, याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

अधिकाऱ्यांच्या फिरतीसाठी, सामान वाहण्यासाठी गावकऱ्यांना विनामोबदला राबवण्याची वेठबिगारीची प्रथाही महाराजांनी कायद्याने बंद केली. ज्या राजाचे आयुष्य दौऱ्यांत आणि शिकारीच्या तळांवर गेले, त्याने ही प्रथा मोडावी, याला विशेष अर्थ आहे. कारण अशा दौऱ्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे त्याने जवळून पाहिले होते.

४.८ १९१८ : शोक आणि आदेश

शाहू महाराजांना दोन मुलगे होते, राजाराम आणि शिवाजी. धाकट्या प्रिन्स शिवाजींचा जन्म १८९९ चा. वडिलांप्रमाणेच त्यांना घोडेस्वारीची व शिकारीची ओढ होती. जून १९१७ मध्ये त्यांचा विवाह सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतीदेवींशी झाला. विवाहाला जेमतेम वर्ष झाले असताना, १२ जून १९१८ रोजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून शिवाजींचा मृत्यू झाला. वय एकोणीस वर्षांचे. मागे राहिलेल्या इंदुमतीदेवी बारा वर्षांच्या आसपास.

रानाने या पित्याला जे दिले, त्याची किंमत अशा रीतीने वसूल झाली. ज्या खेळाचे वळण मुलाला घरातूनच मिळाले होते, त्याच खेळात तो गेला. चरित्रकारांनी या प्रसंगाचे वर्णन बहुधा दैवाचा घाला म्हणून केले आहे. परंतु या घटनेनंतर महाराजांनी काय केले, याकडे पाहणे अधिक उद्बोधक आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विधवा सुनेचे उरलेले आयुष्य पडद्याआड जायचे. महाराजांनी घरातला विरोध बाजूला सारून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि ती सोनतळीच्या मोकळ्या तळावर केली. तिच्या सोबतीला इतर मुलींनाही शिकण्यासाठी ठेवले. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापुरातील स्त्रीशिक्षणाच्या कार्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. ज्या माळावर पारध्यांना आसरा मिळाला, त्याच माळावर एका विधवा मुलीला अक्षरांची वाट मिळाली.

याच १९१८ सालात महाराजांनी आपल्या संस्थानात गुन्हेगार समजल्या जाणाऱ्या जातींची हजेरीची पद्धत बंद केली. पुत्रशोक आणि हा आदेश यांच्यात कार्यकारणसंबंध आहे, असे म्हणता येणार नाही. त्या वर्षातील सामाजिक सुधारणांच्या मालिकेतील तो एक आदेश होता. परंतु पुत्राच्या मृत्यूने खचलेला राजा त्या वर्षी कामापासून दूर झाला नाही, एवढे मात्र तारखांवरून निश्चित दिसते. ब्रिटिश हिंदुस्थानातील गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. कोल्हापुरातील हजेरी त्याआधी चौतीस वर्षे थांबली होती.

४.९ रान, पाणी आणि वारसा

निसर्गाशी जवळीक म्हणजे केवळ शिकार नव्हे. राज्यारोहणानंतर दोनच वर्षांत, १८९६-९७ मध्ये, दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकाने, विहिरी व तलावांची कामे, जनावरांच्या चाऱ्याची सोय असे उपाय योजावे लागले. संस्थानच्या पश्चिमेला पाऊस अतोनात आणि पूर्वेला रान कोरडे, हे दौऱ्यांत पाहिलेले दृश्य आता धोरणात उतरले. भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना महाराजांनी आखली. धरणाच्या परिसरात वसवलेल्या गावाला कन्या राधाबाईंचे नाव देऊन राधानगरी म्हटले गेले. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. पैशाअभावी काम रखडले आणि धरण पूर्ण झाले ते १९५७ मध्ये, महाराजांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. पन्हाळ्याच्या परिसरात त्यांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही केले.

राधानगरीजवळचे दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. शिकारीसाठी राखलेले असल्यामुळेच ते तोडीपासून वाचले. १९५८ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले आणि आज गव्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. राजाची शिकार आणि जंगलाचे रक्षण यांचा हा संबंध सरळ नाही. राखीव जंगलामुळे झाडे व जनावरे वाचली. तथापि राखीव या शब्दाने रानावर जगणाऱ्या माणसांचा तेथील वावर नेहमीच आक्रसत गेला. एका बाजूचा लाभ सांगताना दुसऱ्या बाजूची हानी झाकू नये.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे शाहू महाराजांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

४.१० समारोप

शाहू महाराजांचे हे चरित्र आपण एका मर्यादित बाजूने पाहिले. त्यात विसंगती आहे. काळविटामागे चित्ता सोडणारा, हत्तींची साठमारी भरवणारा राजा हाच फासेपारध्याला माणूस म्हणून ओळखणारा राजा होता. या विसंगतीचे समर्थन करण्याची गरज नाही आणि तिच्यासाठी चरित्रनायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचीही गरज नाही. रानाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, जनावराचा स्वभाव ओळखणारी विद्या ही विद्याच असते, ती अक्षरांत लिहिलेली नसली तरी. दोन, विद्या ज्याच्याकडे आहे त्याला गुन्हेगार म्हणणे हा पाहणाऱ्याच्या नजरेचा दोष असतो. पहिली गोष्ट अनेक शिकारी राजांना कळली होती. दुसरी फार थोड्यांना कळली.

आपल्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील माळांवर शाहू महाराजांचा आदेश कधी लागू झाला नाही. येथल्या पारधी वस्त्या आजही गावकुसापासून दूर दिसतात. सोनारीच्या माळावर तितराला साद घालणारा माणूस आता क्वचितच भेटतो. शिकारीवर कायद्याने बंदी आहे आणि ती आवश्यकही आहे. परंतु ज्याची विद्या आपण थांबवली, त्याला दुसरे कोणते काम आणि कोणता मान दिला, या प्रश्नाचे उत्तर सोनतळीने १९१८ पूर्वीच देऊन ठेवले आहे. आपल्या गावाचे उत्तर आपणच शोधायचे आहे.

४.११ शब्दार्थ

हाका : जनावरांना ठरावीक दिशेने हुसकावण्यासाठी माणसांनी रांगेने केलेला गलका.
चित्तेवान : पाळीव चित्त्याची देखभाल करणारा व त्याला शिकारीस नेणारा.
वाघर, वाघूर : ससे, हरणे धरण्याचे जाळे.
पाल : भटक्या समाजाचा कापडी तात्पुरता निवारा.
वेठबिगार : मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम.
विमुक्त : गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून मुक्त झालेल्या जमातींसाठीची संज्ञा.

४.१२ स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दहा ओळींत लिहा.
१. चित्त्याच्या शिकारीच्या पद्धतीतून प्राण्यांच्या स्वभावाचे कोणते ज्ञान प्रकट होते?
२. हजेरीची सक्ती शिकारी जमातींच्या उपजीविकेवर कशी परिणाम करीत होती?
३. पारध आणि शिकार या शब्दांच्या इतिहासातून कोणता सामाजिक भेद दिसतो?

आ) सविस्तर उत्तर लिहा.
चरित्रनायकाच्या आयुष्यातील विसंगती दाखवल्याने चरित्राची विश्वासार्हता वाढते की कमी होते? प्रस्तुत घटकाच्या आधारे चर्चा करा.

इ) उपक्रम
आपल्या परिसरातील मेंढपाळ, पारधी, मासेमार किंवा शेतकरी अशा एखाद्या वृद्ध व्यक्तीची, तिच्या संमतीने, भेट घ्या. जनावरांच्या खुणा, पक्ष्यांचे आवाज, पावसाची चिन्हे यांसाठी ती वापरत असलेले किमान वीस शब्द तिच्याच उच्चारात नोंदवा व प्रत्येकाचा अर्थ लिहा. नोंद पूर्ण झाल्यावर ती त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेली दुरुस्ती करूनच वही अभ्यासकेंद्रात सादर करा.